यकृत् सूत्रण रोग, मद्यपानजन्य

दीर्घकाल व अतिप्रमाणात केलेल्या मद्यपानामुळे यकृतातील कोशिकांचा (पेशींचा) नाश होतो, त्यांच्या जागी तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) निर्माण होते, उरलेल्या कोशिकांच्या पुनर्जननाने लहान लहान गाठी बनतात आणि यकृताची मूळ रचना बिघडून ते कठीण बनते. या चिरकारी (दीर्घकालीन) विकाराला मद्यपानजन्य यकृत् सूत्रण रोग म्हणतात. व्यवहारात तो ‘सिऱ्होसिस’ या नावानेही ओळखला जातो. ब व क प्रकारचा विषाणुजन्य यकृतशोथ (यकृताची दाहयुक्त सूज), लठ्ठपणा व मधुमेह यांबरोबर आढळणारा वसामय (चरबीयुक्त) यकृतविकार आणि काही आनुवंशिक विकार यांमुळेही यकृत् सूत्रण रोग होतो. परंतु मद्यपान हे जगभर त्याचे एक प्रमुख कारण आहे. हा विकार अनेक वर्षे लक्षणांवाचून वाढत राहतो व पुष्कळदा उशिरा उघडकीस येतो. मद्यपान पूर्णपणे थांबविणे हा त्याच्या चिकित्सेचा पाया असून रोगाच्या बहुतेक सर्व अवस्थांत त्याचा लाभ होतो.

इतिहास : मद्यपी व्यक्तींच्या यकृतात गाठी होऊन ते कठीण बनते, ही गोष्ट मॅथ्यू बेली या ब्रिटिश वैद्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस नमूद केली होती. रोगाचे ‘सिऱ्होसिस’ हे नाव रने लेनेक (१७८१–१८२६) या फ्रेंच वैद्यांनी १८१९ मध्ये दिले. शवविच्छेदनात दिसणाऱ्या अशा यकृताच्या पिवळसर-पिंगट रंगावरून, त्या अर्थाच्या ग्रीक शब्दाच्या आधारे त्यांनी ते योजले. छातीतील आवाज ऐकण्याच्या नळीचा (स्टेथॉस्कोपचा) शोधही लेनेक यांनीच लावला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्यापेक्षा मद्यपी व्यक्तीचे कुपोषण हेच रोगाचे खरे कारण असावे, असे अनेकांचे मत होते. चार्ल्स लीबर व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये पौष्टिक आहारावर ठेवलेल्या बबून वानरांना दीर्घकाल अल्कोहॉल देऊन हा रोग निर्माण करून दाखविला आणि अल्कोहॉल हे स्वतःच यकृताला विषारी असल्याचे स्पष्ट झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये वाइनचे शिधावाटप सुरू झाल्यावर पॅरिसमधील या रोगाचे मृत्यू झपाट्याने घटले व शिधावाटप संपल्यावर ते पुन्हा वाढले. समाजातील एकूण मद्यसेवन आणि हा रोग यांचा निकट संबंध दाखविणारे उदाहरण म्हणून त्याचा नेहमी उल्लेख केला जातो.

प्रमाण व धोका : शरीरात गेलेल्या अल्कोहॉलाचा बहुतेक भाग यकृतात विघटित होतो व त्याचा वेग तासाला सु. ७ ते १० ग्रॅ. एवढाच असतो. रोगाचा धोका मद्याच्या प्रकारावर किंवा किंमतीवर अवलंबून नसून मुख्यतः पोटात गेलेल्या शुद्ध अल्कोहॉलाचे वजन व सेवनाचा काळ यांवर अवलंबून असतो. भारतात तयार होणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडी इ. मद्यांत सामान्यपणे आकारमानाने ४२·८% अल्कोहॉल असते. त्यामुळे ‘क्वार्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १८० मिलि.च्या बाटलीतून सु. ६१ ग्रॅ. अल्कोहॉल शरीरात जाते. बीअरच्या ६५० मिलि.च्या एका बाटलीतून, तिच्यात ५% अल्कोहॉल असल्यास सु. २६ ग्रॅ. व ८% असल्यास सु. ४१ ग्रॅ. अल्कोहॉल जाते. दररोज सु. ३० ग्रॅ.पेक्षा अधिक सेवन केल्यास रोगाचा धोका वाढू लागतो, असे आढळले आहे. म्हणून ‘बीअरने यकृत बिघडत नाही’ किंवा ‘भारी दारू बाधत नाही’ या समजुतींना आधार नाही. हातभट्टीच्या दारूतील अल्कोहॉलाचे प्रमाण अनिश्चित असते. तीत मेथिल अल्कोहॉलाची भेसळ झाल्यास अंधत्व वा मृत्यू ओढवतो. मात्र ती तीव्र विषबाधा असून यकृत् सूत्रण रोगापेक्षा वेगळी आहे.

सतत अतिमद्यपान करणाऱ्या बहुतेक सर्व व्यक्तींच्या यकृतात वसा साठते. परंतु त्यांपैकी सु. १० ते २० टक्क्यांनाच यकृत् सूत्रण रोग होतो. हा फरक आनुवंशिक घटक, लिंग, वजन व इतर रोग यांमुळे पडतो. स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात व कमी काळात हा रोग होऊ शकतो. ब वा क यकृतशोथ, लठ्ठपणा व मधुमेह यांची जोड मिळाल्यास तो अधिक वेगाने वाढतो. मद्यपी व्यक्ती धडधाकट दिसते किंवा तिला कधी नशा चढत नाही, यावरून तिचे यकृत निरोगी असल्याचे अनुमान काढता येत नाही.

भारतात केंद्र शासनाच्या वतीने झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १४·६% लोक मद्यसेवन करतात. पुरुषांत हे प्रमाण २७·३% व स्त्रियांत १·६% आहे. सु. ५·७ कोटी लोकांना मद्यपानासंबंधी वैद्यकीय वा इतर साहाय्याची गरज असल्याचे या पाहणीत दिसून आले.

विकृतिविज्ञान : प्रौढ व्यक्तीचे यकृत सु. १·२ ते १·५ किग्रॅ. वजनाचे असते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सु. तीन चतुर्थांश रक्त जठर, आतडी व प्लीहा (पांथरी) यांच्याकडून प्रवेशिका नीलेमार्फत (यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेमार्फत) येते. यकृतकोशिकांत अल्कोहॉलाचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात व नंतर ॲसिटेटात रूपांतर होते. या क्रियेत कोशिकांतील वसेचे ज्वलन मंदावते व ती साठू लागते. ॲसिटाल्डिहाइड कोशिकांतील प्रथिनांना इजा पोहोचविते. शिवाय मद्यामुळे आतड्याच्या अस्तराची पार्यता (पदार्थ आरपार जाऊ देण्याची क्षमता) वाढून जंतूंची विषे यकृतात पोहोचतात व तेथे शोथ निर्माण होतो. शोथामुळे उद्दीपित झालेल्या ताराकृती कोशिका कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू तयार करू लागतात. जखम भरून आल्यावर कातडीवर व्रण उरतो, तशीच ही क्रिया असते. मात्र येथे जखम रोज नव्याने होत असते.

विकाराच्या तीन अवस्था मानतात. (१) वसामय यकृत : या अवस्थेत बहुधा काहीही त्रास होत नाही आणि मद्यपान थांबविल्यास काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होते. (२) मद्यपानजन्य यकृतशोथ : यात कोशिकांचा नाश व शोथ असतो. त्याच्या तीव्र प्रकारात ताप, वाढती कावीळ व पोटदुखी ही लक्षणे दिसतात आणि काही आठवड्यांत मृत्यू येऊ शकतो. (३) सूत्रण : यात तंतुमय पट्ट्यांनी वेढलेल्या, प्रारंभी बहुधा ३ मिमी.हून लहान अशा गाठी यकृतभर पसरतात. या अवस्था नेहमी क्रमानेच येतात असे नाही. एकाच यकृतात त्या एकत्रही आढळतात. पूर्ण सूत्रण झालेले यकृत सहसा मूळ रूपात येत नाही. तथापि मद्य सोडल्यावर शोथ ओसरतो, तंतुमय ऊतक काही अंशी घटते व उरलेल्या कोशिकांचे कार्य सुधारते.

लक्षणे : उरलेल्या कोशिका शरीराची गरज भागवू शकतात तोपर्यंत रोग प्रतिपूरित (भरपाई झालेल्या) अवस्थेत असतो. या काळात थकवा, भूक मंदावणे, सकाळी मळमळणे यांपलीकडे लक्षणे नसतात व ती पुष्कळदा आम्लपित्त समजून दुर्लक्षिली जातात. काही रुग्णांत तळहात लाल दिसणे, छाती व खांद्यांवर कोळ्याच्या आकाराचे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे ठिपके उमटणे, दंड व मांड्यांचे स्नायू झिजणे या खुणा आढळतात. पुरुषांत हॉर्मोनांचे (उत्तेजक स्रावांचे) संतुलन बिघडल्याने स्तनवृद्धी व कामेच्छेचा ऱ्हास होतो.

कावीळ, जलोदर (पोटात पाणी साठणे), रक्तस्राव वा बुद्धिभ्रंश यांपैकी एखादे लक्षण प्रकट झाले की, रोग अप्रतिपूरित अवस्थेत गेला असे मानतात. सूत्रणामुळे यकृतातून रक्त वाहण्यास अडथळा होतो व प्रवेशिका नीलेतील दाब वाढतो. त्यामुळे प्लीहा मोठी होते, पोटात पाणी साठते आणि ग्रसिका (अन्ननलिका) व जठर यांतील नीला फुगतात. यकृतात अल्ब्युमीन हे प्रथिन कमी तयार होऊ लागल्याने पायांवर सूज येते. रक्त गोठविणारे घटक कमी पडल्याने हिरड्यांतून वा नाकातून सहज रक्त येते.

उपद्रव : ग्रसिकेतील फुगलेली नीला फुटल्यास रक्ताच्या मोठ्या उलट्या होतात किंवा डांबरासारखी काळी शौचास होते. या प्रसंगी रुग्णास तातडीने रुग्णालयात नेणे अत्यावश्यक असते. जलोदराच्या पाण्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्या वेळी ताप वा पोटदुखी असेलच असे नाही, केवळ रुग्ण एकाएकी खालावल्याचे दिसते. वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य बंद पडणे व यकृताचा कर्करोग हे अन्य गंभीर उपद्रव होत.

आतड्यात तयार होणारी अमोनियासारखी विषारी द्रव्ये यकृताकडून निष्प्रभ न झाल्याने मेंदूवर परिणाम होतो, त्यास यकृतजन्य मस्तिष्कविकृती म्हणतात. प्रारंभी रुग्ण दिवसा पेंगतो व रात्री जागा राहतो, हिशेब चुकतो, हस्ताक्षर बिघडते, विनाकारण चिडतो. पुढे हात पसरून धरण्यास सांगितल्यास पंजे फडफडतात, बोलणे असंबद्ध होते व शेवटी बेशुद्धी येते. बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, रक्तस्राव व झोपेच्या गोळ्या यांमुळे हा विकार उद्भवतो वा बळावतो. वेळीच उपचार केल्यास तो बहुधा ओसरतो.

रुग्ण व कुटुंब : हा रोग बहुतांशी कमावत्या वयातील पुरुषांना जडत असल्याने त्याचा भार सबंध घरावर पडतो. मद्यामुळे आधीच ओढग्रस्त झालेल्या संसारात रुग्णालयाचा वारंवार येणारा खर्च वाढतो. जलोदराचे पाणी काही रुग्णांत दर दोन-तीन आठवड्यांनी काढावे लागते, त्याबरोबर महाग अल्ब्युमीन द्यावे लागते आणि रक्तस्रावासाठी अंतर्दर्शनाच्या फेऱ्या कराव्या लागतात. अशा वेळी दागिने व जमीन गहाण पडतात आणि मुलांचे शिक्षण खंडित होण्याचा संभव असतो. मद्यपी पतीच्या घरात पत्नीची होणारी परवड मराठी समाजाला राम गणेश गडकरी यांच्या १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एकच प्याला या नाटकातील सिंधूच्या रूपाने परिचित आहे. प्रत्यक्षात अशा घरांतील पत्नीला मिळवती, परिचारिका व घरची कर्ती या तिन्ही भूमिका एकाच वेळी पार पाडाव्या लागतात.

लोकलज्जेमुळे कुटुंबे पुष्कळदा खरे कारण लपवितात व नातेवाइकांना केवळ ‘कावीळ झाली’ असे सांगतात. वैद्याजवळही मद्याचे प्रमाण कमी सांगितले जाते. स्त्री-रुग्णांच्या बाबतीत ही लपवाछपवी अधिक असते. परिणामी निदान व व्यसनमुक्तीचे उपचार या दोहोंना विलंब होतो. मद्यावलंबित्व हा स्वतःच एक रोग आहे, केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे, ही जाणीव रुजल्यास असा विलंब टळू शकतो. घरच्यांच्या वागण्यामुळे रुग्ण पितो, असा दोष पत्नीला वा आईवडिलांना दिला जातो, तोही निराधार आहे.

मस्तिष्कविकृतीची लक्षणे नशेसारखी दिसत असल्याने मद्य पूर्णपणे सोडलेल्या रुग्णावरही ‘पुन्हा प्याला’ असा संशय घेतला जातो. हा गैरसमज दोन प्रकारे घातक ठरतो : तातडीचे उपचार राहून जातात आणि मोठ्या प्रयासाने परत मिळू लागलेला परस्परविश्वास ढासळतो. बरळणे, झोपेचा उलटा क्रम वा पंजे फडफडणे ही रोगाचीही चिन्हे असू शकतात, हे घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला माहीत असणे आवश्यक आहे. रात्रीची जागरणे, अनिश्चितता आणि पूर्वीच्या शिवीगाळीच्या वा मारहाणीच्या आठवणी यांमुळे शुश्रूषा करणाऱ्यांतही निद्रानाश व खिन्नता आढळते. मुले अकाली प्रौढ होतात. काही अबोल, तर काही बेबंद बनतात. म्हणून कुटुंबीयांच्या मानसिक स्वास्थ्याचा विचार हा उपचारांचाच भाग मानला पाहिजे.

निदान : मद्यपानाचा वृत्तांत, शारीरिक तपासणी व रक्ततपासणी यांवरून बहुधा निदान होते. रक्तात बिलिरुबीन वाढलेले, अल्ब्युमीन व बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणारे सूक्ष्म कण) घटलेले आणि रक्त गोठण्याचा काळ लांबलेला आढळतो. सोनोग्राफीने यकृताचा खडबडीतपणा, प्लीहावृद्धी व जलोदर दिसतात. यकृताचा कठीणपणा ध्वनितरंगांच्या साहाय्याने मोजण्याच्या पद्धतीमुळे जीवोतक परीक्षेची (ऊतकाचा तुकडा काढून तपासण्याची) गरज आता पुष्कळ कमी झाली आहे. ग्रसिकेतील नीलांची पाहणी अंतर्दर्शकाने करतात. सूत्रण झालेल्या रुग्णांत कर्करोगाचे निदान लवकर व्हावे म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात.

चिकित्सा : मद्यपान पूर्णपणे व कायमचे बंद करणे हा मुख्य उपचार होय. ‘कमी करणे’ पुरेसे ठरत नाही. मात्र मद्यावलंबी व्यक्तीने एकाएकी मद्य बंद केल्यास कंप, भ्रम वा झटके येऊ शकतात व प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखाली करावे लागते. थायामीन (ब१ जीवनसत्त्व) देणे महत्त्वाचे असते. मद्याची ओढ कमी करणाऱ्या औषधांपैकी बॅक्लोफेन यकृत् सूत्रण रोगातही वापरून पाहिलेले आहे. डायसल्फिराम हे औषध यकृताला अपायकारक ठरू शकते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून घरच्यांनी औषधे वा चूर्णे अन्नात मिसळणे धोकादायक असते व त्यामुळे रुग्णाचा विश्वासही कायमचा गमावला जातो.

आहाराविषयी समाजात अनेक चुकीच्या समजुती आहेत. काविळीचे पथ्य म्हणून रुग्णाला केवळ उसाचा रस, फुटाणे व बिनतेलाचे अन्न देण्याची पद्धत या रोगात हानिकारक ठरते, कारण रुग्णाचे स्नायू आधीच झिजलेले असतात. पूर्वी मस्तिष्कविकृतीच्या भीतीने प्रथिने वर्ज्य करीत. आता दर किग्रॅ. वजनामागे दररोज १·२ ते १·५ ग्रॅ. प्रथिने द्यावीत असे मानतात. डाळी, दूध, दही, अंडी यांतून ती मिळतात. दीर्घ उपवास टाळावा व रात्री निजण्यापूर्वी थोडे खावे. जलोदर असल्यास मीठ कमी करावे; पापड, लोणची, सुकी मासळी व फरसाण टाळावे. वेदनाशामक व झोपेची औषधे, तसेच अज्ञात घटकांची जडीबुटी वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

जलोदरावर स्पायरोनोलॅक्टोनासारखी मूत्रल (लघवी वाढविणारी) औषधे देतात वा सुईने पाणी काढतात. प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांनी प्रवेशिका नीलेतील दाब कमी होतो. फुगलेल्या नीलांना अंतर्दर्शकातून रबरी कडी बसविता येते. मस्तिष्कविकृतीत लॅक्ट्युलोज देऊन दिवसातून दोन-तीन वेळा शौचास साफ होईल असे पाहतात. रिफॅक्झिमीन हे प्रतिजैविकही देतात.

यकृताचे कार्य फारच खालावल्यास यकृत प्रतिरोपण (अवयव काढून दुसरा बसविणे) हा उपाय उरतो. मानवात ते प्रथम टॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेत १९६३ मध्ये केले. भारतात १९९८ मध्ये ते प्रथम यशस्वी झाले. मद्य सोडून सहा महिने झाल्यावरच प्रतिरोपण करावे असा संकेत होता. औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र मद्यपानजन्य यकृतशोथात निवडक रुग्णांवर त्याआधी प्रतिरोपण केल्यास सहा महिन्यांपर्यंत जगणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर जाते, असे फ्रान्स व बेल्जियम येथील पाहणीत २०११ मध्ये आढळल्याने हा संकेत आता काहीसा शिथिल झाला आहे. भारतात यकृताचा भाग बहुधा जिवंत नातेवाइकाकडून मिळतो व दात्यांमध्ये पत्नी, आई, मुलगी, बहीण अशा स्त्रियांची संख्या मोठी असते. दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत बरेचसे वाढते. तरीही शस्त्रक्रियेत धोका असतोच. म्हणून मानवी अवयव प्रतिरोपणविषयक १९९४ च्या अधिनियमानुसार दात्याची संमती स्वेच्छेने दिलेली असावी लागते. कुटुंबाच्या दडपणाखाली ती दिली जात नाही ना, हे पाहणे वैद्यांचे कर्तव्य ठरते.

व्यसनमुक्ती व कुटुंबाला आधार : औषधांनी यकृताला अवधी मिळतो, व्यसन सुटण्यासाठी दीर्घकालीन आधार लागतो. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेली ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ ही मद्यावलंबितांची परस्परसाहाय्य संघटना महाराष्ट्रातही काम करते. मद्यपींच्या नातेवाइकांसाठी १९५१ मध्ये ‘अल्-अनॉन’ ही स्वतंत्र संघटना निघाली. रुग्ण मद्य सोडो वा न सोडो, कुटुंबीयांनी स्वतःचे जीवन सावरावे, हे तिचे सूत्र आहे. पुणे येथे अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांचेही समुपदेशन केले जाते. पुन्हा मद्य घेतल्यास उपचार व्यर्थ गेले असे न मानता ते पुन्हा सुरू करावयाचे असतात.

साध्यासाध्यता : प्रतिपूरित अवस्थेतील रुग्ण दहा वर्षांहून अधिक काळ जगू शकतात, अप्रतिपूरित अवस्थेत सरासरी आयुर्मर्यादा सु. दोन वर्षांवर येते. मद्य सोडल्याने हे चित्र पालटते. पॉवेल व क्लॅट्स्किन यांच्या १९६८ मधील पाहणीत मद्य सोडलेल्या रुग्णांपैकी ६३%, तर पीत राहिलेल्यांपैकी सु. ४१% पाच वर्षांनंतर हयात होते. जलोदर असलेल्या काही रुग्णांतही मद्य सोडल्यावर महिन्यांच्या अवधीत पाणी साठणे थांबते व प्रतिरोपणाची गरज उरत नाही.

प्रतिबंध : मद्याच्या उपलब्धतेवर नियंत्रण, व्यसनाची लवकर ओळख व यकृतशोथ ब विरुद्ध लसीकरण हे मुख्य प्रतिबंधक उपाय होत. राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू असून त्याखाली मद्यविक्री व मद्यसेवन यांचे नियमन केले जाते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. गावातील मद्याचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात असून ‘आडवी बाटली’ या चिन्हाला मते देऊन अनेक गावांतील स्त्रियांनी अशी दुकाने बंद पाडली आहेत. वैयक्तिक पातळीवर, नियमित मद्यपान करणाऱ्या व्यक्तीने त्रास नसतानाही यकृताची तपासणी करून घेणे हितावह असते. कारण वसामय अवस्थेत लक्षात आलेला हा विकार मद्य सोडल्यास पूर्णपणे बरा होऊ शकतो.